अभेद्य म्हणवला जाणारा सिंगापूरचा किल्ला जपानने ७ दिवसांत कसा घेतला? आणि पुढची साडेतीन वर्षं तिथल्या लोकांनी कशी काढली?

१५ फेब्रुवारी १९४२. रविवारचा दिवस. सिंगापूरच्या बुकित तिमाह रस्त्यावर फोर्ड कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना होता. त्या संध्याकाळी पांढरं निशाण आणि युनियन जॅक घेऊन काही ब्रिटिश अधिकारी या कारखान्याकडे चालत निघाले. त्यांच्यात उंच, सडपातळ बांध्याचे लेफ्टनंट जनरल आर्थर पर्सिव्हल होते.

आत टेबलापलीकडे जपानचे लेफ्टनंट जनरल तोमोयुकी यामाशिता बसले होते. पर्सिव्हल यांना वाटाघाटी करायच्या होत्या, थोडा वेळ हवा होता. यामाशितांना मात्र एकच उत्तर हवं होतं, बिनशर्त शरणागती मान्य आहे की नाही? तासाभरात सही झाली.

गंमत म्हणजे यामाशितांकडे सैनिक कमी होते. बेटावर उतरलेले जपानी साधारण ३० ते ३६ हजार, तर समोर ब्रिटिश, भारतीय, ऑस्ट्रेलियन आणि मलाय मिळून ८५ हजारांच्या आसपास. जपान्यांचा दारूगोळाही संपत आला होता. आपण तेव्हा चक्क हूल दिली होती, असं यामाशितांनी पुढे सांगितलं.

ब्रिटनच्या लष्करी इतिहासातली ही सगळ्यात मोठी शरणागती समजली जाते. शरण आलेल्यांमध्ये आपल्याकडचे जवान हजारोंच्या संख्येने होते. म्हणूनच सिंगापूरचा हा इतिहास भारताच्या इतिहासालाही येऊन भिडतो.

आधी सिंगापूर समजून घेऊ

मलाय द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेलं हे छोटंसं बेट. १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टॅमफर्ड रॅफल्सने इथे व्यापारी ठाणं उभं केलं. भारत आणि चीन यांच्यामधल्या सागरी वाटेवरच हे बेट असल्याने बघता बघता मोठं बंदर झालं. १८६७ पर्यंत तर सिंगापूरचा कारभार भारतातल्या ब्रिटिश सरकारच्याच अखत्यारीत होता. तिथले रस्ते, चर्च आणि सरकारी इमारती बांधायला भारतातून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी नेले होते.

पहिल्या महायुद्धानंतर जपानचं आरमार वाढू लागलं. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिशांनी बेटाच्या उत्तरेला सेंबावांग इथे प्रचंड नाविक तळ बांधला. तो १९३८ मध्ये सुरू झाला. सोबत १५ इंची तोंडाच्या अवाढव्य तोफा बसवल्या. वर्तमानपत्रांतून सिंगापूरचा उल्लेख 'पूर्वेचं जिब्राल्टर' असा होऊ लागला.

योजना साधी होती. युद्ध पेटलं तर युरोपातून आरमार निघेल आणि ते पोहोचेपर्यंत सिंगापूरने तग धरायचा. फक्त एक प्रश्न कुणी नीट विचारला नव्हता. युरोपातच युद्ध चालू असेल तर आरमार येणार कुठून?

१९३९ साली नेमकं तेच झालं. सिंगापूरला तळ होता, पण तळावर उभं करायला पुरेसं आरमार नव्हतं.

जपानला सिंगापूर कशासाठी हवं होतं?

जपान १९३७ पासून चीनमध्ये लढत होता. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने त्याचं तेल तोडलं. तेलाशिवाय आरमार आणि विमानं चालणार नव्हती. जवळचं तेल होतं डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात. मलायामध्ये रबर आणि कथील होतं. जगातल्या रबराचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या मलायातून यायचा. या सगळ्याच्या नाक्यावर सिंगापूर बसलेलं होतं.

समुद्राकडे बघत बसले, शत्रू जंगलातून आला

८ डिसेंबर १९४१ ला मध्यरात्रीनंतर जपानी फौज मलायाच्या उत्तरेला कोटा बारू इथे उतरली. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडण्याच्या साधारण तासभर आधी. किनाऱ्यावर त्यांना अडवायला उभे होते भारतीय जवान, त्यात डोग्रा रेजिमेंटची तुकडी होती. त्याच पहाटे सिंगापूर शहरावर पहिले बॉम्ब पडले, तेव्हा रस्त्यांवरचे दिवेसुद्धा चालू होते.

दोनच दिवसांनी मोठा धक्का बसला. ब्रिटिशांनी पाठवलेल्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन बलाढ्य युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. त्यांच्या डोक्यावर संरक्षणाला एकही लढाऊ विमान नव्हतं. ८०० हून अधिक खलाशी गेले आणि समुद्र जपानच्या ताब्यात आला.

मग सुरू झाली दक्षिणेकडची घोडदौड. जपानी सैनिक सायकलवर होते. पूल उडवला तर ते सायकल खांद्यावर घेऊन नदी पार करायचे, टायर फुटला तर नुसत्या रिमवर हाणायचे. सोबत रणगाडे होते. ब्रिटिशांचं म्हणणं होतं की मलायाच्या जंगलात रणगाडे चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे ते जवळजवळ नव्हतेच. अनेक भारतीय जवानांनी रणगाडा पहिल्यांदा पाहिला तो थेट अंगावर येतानाच.

या जवानांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांची अवस्था बघायला हवी. भारतीय सैन्य झपाट्याने वाढवायचं म्हणून जुन्या पलटणींतले अनुभवी सुभेदार, हवालदार काढून नव्या पलटणींत पाठवले होते. उरले होते ते बरेचसे नवखे पोरगे. जितरा, स्लिम नदी, मुआर अशा एकामागून एक ठिकाणी फळी फुटत गेली.

याच काळात पेनांगमध्ये एक गोष्ट घडली, जी स्थानिक लोक कधीच विसरले नाहीत. डिसेंबरच्या मध्यात ब्रिटिशांनी ते बेट सोडलं. जाताना युरोपियन नागरिकांना बोटीत बसवलं आणि चिनी, मलाय, भारतीय रहिवाशांना तसंच मागे ठेवलं. राज्य करणारे संकटात आपल्याला वाचवतील, हा विश्वास तिथेच तुटला.

३१ जानेवारी १९४२ ला शेवटची तुकडी सिंगापूर बेटावर आली आणि मागचा कॉजवे सुरुंगाने उडवला. सुमारे १००० किलोमीटरहून लांब द्वीपकल्प जपानने ५५ दिवसांत पार केला होता.

तोफांची तोंडं खरंच चुकीच्या दिशेला होती का?

सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, त्या जमिनीकडे वळल्याच नाहीत, ही गोष्ट सोशल मीडियावर कायम फिरत असते. ती अर्धीच खरी आहे.

बहुतेक मोठ्या तोफा वळवता येत होत्या आणि त्या उत्तरेकडे डागल्याही गेल्या. अडचण गोळ्यांची होती. साठवलेले बरेचसे गोळे जहाजाचं पोलाद भेदण्यासाठी बनवलेले. ते मऊ जमिनीत खोल घुसायचे आणि पसरलेल्या पायदळाचं फारसं काही बिघडायचं नाही. तोफांपेक्षा मोठी चूक विचारात होती. उत्तर किनाऱ्यावर ना पुरेसे खंदक होते, ना तटबंदी.

शेवटचे ७ दिवस

८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैन्य बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर उतरलं. पर्सिव्हल यांचा अंदाज होता की हल्ला ईशान्येकडून होईल. वायव्येला ऑस्ट्रेलियन तुकड्या विरळ पसरलेल्या होत्या. सकाळपर्यंत फळी मोडली.

११ फेब्रुवारीला बुकित तिमाह पडलं आणि अन्नधान्य, इंधनाचे मोठे साठे हातचे गेले. लंडनहून चर्चिल यांचा निरोप होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. पासिर पांजांगच्या टेकड्यांवर मलाय रेजिमेंटने दोन दिवस चिवट झुंज दिली. तिथे मारले गेलेले लेफ्टनंट अदनान सईदी आज सिंगापूरमध्ये वीर म्हणून ओळखले जातात. १४ तारखेला जपानी सैनिक अलेक्झांड्रा लष्करी रुग्णालयात घुसले. डॉक्टर, कर्मचारी आणि खाटांवरचे रुग्ण मिळून २०० च्या आसपास लोकांना त्यांनी ठार केलं.

तोवर निर्वासितांमुळे शहराची वस्ती १० लाखांच्या घरात गेली होती. जोहोरहून येणारं पाणी बंद झालं होतं. बेटावरचे तलाव जपान्यांच्या हाती पडले होते आणि बॉम्बमुळे फुटलेल्या नळांतून उरलंसुरलं पाणी वाहून जात होतं. एक-दोन दिवसांत शहर कोरडं पडणार, असा अहवाल आल्यावर पर्सिव्हल यांनी निर्णय घेतला. तो दिवस चिनी नववर्षाचा पहिला दिवस होता.

नाव बदललं, घड्याळ बदललं, सालही बदललं

जपानने सिंगापूरचं नाव ठेवलं 'स्योनान-तो', म्हणजे दक्षिणेच्या प्रकाशाचं बेट. घड्याळं दीड तास पुढे करून टोकियोच्या वेळेला लावली. १९४२ च्या जागी जपानी शकाप्रमाणे २६०२ साल आलं. शाळेत जपानी भाषा आणि सकाळी जपानचं राष्ट्रगीत सुरू झालं. चौकातल्या पहारेकऱ्यासमोर वाकायचं, नाही वाकलं तर थोबाडीत बसायची.

युरोपियन नागरिकांना चांगी तुरुंगात कोंबलं. जिथे ६०० कैद्यांची सोय होती, तिथे ३ हजारांच्या आसपास माणसं. युद्धकैद्यांपैकी हजारोंना पुढे सयाम-बर्मा रेल्वेच्या कामाला नेलं. ४१५ किलोमीटरच्या त्या मार्गावर सुमारे १२ हजार युद्धकैदी मेले. पण तिथे सगळ्यात जास्त मेले ते आशियाई मजूर. त्यात मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांची नीट नोंदही कुणी ठेवली नाही.

सूक चिंग : पुरुषांना रांगेत उभं केलं आणि...

सगळ्यात भयंकर वेळ आली चिनी समाजावर. चीन-जपान युद्धात सिंगापूरच्या चिनी लोकांनी मायदेशासाठी भरपूर पैसा उभा केला होता. जपानी मालावर बहिष्कार टाकला होता. त्याचा राग होताच.

शरणागतीनंतर तीनच दिवसांत हुकूम निघाला की १८ ते ५० वयाच्या सगळ्या चिनी पुरुषांनी ठरलेल्या ठिकाणी हजर राहायचं. केम्पेताई, म्हणजे जपानी लष्करी पोलीस, तपासणी करणार. याला 'सूक चिंग' म्हणतात, अर्थ साधारण 'साफसफाई'.

तपासणीला काही ठरलेला नियम नव्हता. कुठे डोक्यावरून बुरखा घेतलेला खबऱ्या बोट दाखवायचा. कुठे शिक्षक, पत्रकार, चश्मा लावणारा म्हणून संशय. सुटलेल्यांच्या कागदावर नाहीतर थेट हातावर शिक्का मारला जायचा. तो शिक्का पुसू नये म्हणून लोक दिवसेंदिवस हात धुवत नसत. बाकीच्यांना ट्रकमध्ये घालून चांगी, पोंगोल, सिग्लाप अशा किनाऱ्यांवर नेऊन गोळ्या घातल्या.

किती मेले? युद्धानंतर जपानी बाजूने ५ ते ६ हजारांचा आकडा दिला, तर चिनी समाजाच्या अंदाजाने ४० ते ५० हजार. मारले गेलेल्यांची यादीच ठेवलेली नसल्याने हा वाद मिटलेला नाही.

या रांगेतून १८ वर्षांचा एक मुलगा थोडक्यात वाचला. त्याला बाजूला उभं राहायला सांगितलं, तेव्हा सामान घेऊन येतो म्हणून तो मागे सरकला आणि नंतर दुसऱ्या वेळी बाहेर पडला. त्याचं नाव ली कुआन यू. पुढे तोच सिंगापूरचा पहिला पंतप्रधान झाला.

एवढ्यावर भागलं नाही. सिंगापूर आणि मलायाच्या चिनी लोकांकडून जपानने ५ कोटी डॉलरची 'भेट' वसूल केली.

भारतीय जवानांपुढचा पेच

१७ फेब्रुवारी १९४२. फॅरर पार्कच्या मैदानावर ४० हजारांहून अधिक भारतीय युद्धकैदी जमवले होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानच्या हवाली केलं. जपानी मेजर फुजिवारा यांनी त्यांना कॅप्टन मोहन सिंग यांच्याकडे सोपवलं. इंग्रजांविरुद्ध लढणारी भारतीय फौज उभी करायची, असं आवाहन झालं. आझाद हिंद फौजेची सुरुवात ती हीच.

प्रत्येक जवानासमोरचा प्रश्न सोपा नव्हता. घेतलेली शपथ पाळायची, की ज्या साहेबाने आपल्याला मैदानात दुसऱ्याच्या हवाली केलं त्याच्याविरुद्ध बंदूक उचलायची? कुणी देशासाठी गेला, कुणी छावणीतल्या हालांतून सुटायला, कुणी मित्र गेले म्हणून. हजारो जण गेले नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांना न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर मजुरीला नेलं आणि तिथे उपासमार, आजार आणि मारहाणीत कित्येकांचा अंत झाला.

मोहन सिंग यांचं जपान्यांशी बिनसलं. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि पहिली फौज विस्कटली. मग २ जुलै १९४३ ला सुभाषचंद्र बोस सिंगापूरला पोहोचले. ५ जुलैला पाडांग मैदानावर त्यांनी फौजेची पाहणी केली. २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीतल्या थिएटरमध्ये आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. सिंगापूरमध्येच दवाखाना चालवणाऱ्या डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख झाल्या. आपण त्यांना कॅप्टन लक्ष्मी म्हणून ओळखतो.

या फौजेत एक मराठी नाव अगदी वरच्या फळीत होतं. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले. आझाद हिंद फौजेच्या मुख्यालयाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि हंगामी सरकारच्या मंत्रिमंडळातही ते होते. स्वातंत्र्यानंतर ते रत्नागिरी भागातून लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

सिंगापूरमधल्या भारतीयांसाठी हा काळ असा दुहेरी होता. पाडांगवर स्वातंत्र्याच्या घोषणा घुमत होत्या, आणि त्याच वेळी त्याच समाजातले मजूर सयामच्या जंगलात रेल्वेचे रूळ टाकताना मरत होते.

केळ्याची नोट आणि साबुदाण्याचा कंद

बाकी जनतेसाठी रोजचा प्रश्न पोटाचा होता. तांदूळ बाहेरून यायचा, तो जवळजवळ थांबला. रेशनचं माप दर काही महिन्यांनी घटत गेलं. मग लोकांनी घराच्या अंगणात, मैदानांत टॅपिओका आणि रताळी लावली. टॅपिओका म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा बनतो तो कंद. आपल्याकडे साबुदाणा उपवासाला, तिथे हा कंद भाकरीच्या जागी रोजच. पोट भरायचं, पण अंगात ताकद राहायची नाही.

जपानने छापलेल्या १० डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून लोक त्या चलनाला 'बनाना मनी' म्हणायचे. सरकारला पैसे लागले की नोटा छापायच्या, त्यामुळे महागाई आभाळाला भिडली. शेवटी शेवटी बाजारात जाताना पैशांची थैली मोठी आणि येताना वस्तूंची पिशवी लहान, अशी गत झाली. औषधं, तांदूळ, सगळं काळ्या बाजारात.

सप्टेंबर १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाहून लपून आलेल्या एका छोट्या तुकडीने बंदरातल्या जपानी जहाजांना पाणसुरुंग लावून उडवलं. केम्पेताईला वाटलं की तुरुंगातल्या युरोपियनांनी आणि शहरातल्या लोकांनी मदत केली. १० ऑक्टोबरपासून धरपकड झाली, महिनोन्‌महिने छळ झाला. १५ जण दगावले. त्यातल्या कुणाचाही त्या हल्ल्याशी संबंध नव्हता.

ब्रिटिश परत आले, पण...

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. ५ सप्टेंबरला ब्रिटिश फौज सिंगापुरात उतरली. १२ सप्टेंबरला नगरपालिकेच्या इमारतीत लॉर्ड माउंटबॅटन यांच्यासमोर जपानी सेनानींनी सह्या केल्या. केळ्याच्या नोटा एका दिवसात रद्दी झाल्या. ज्यांनी साडेतीन वर्षं त्याच नोटांत बचत केली होती, त्यांच्या हाती काहीच उरलं नाही.

ब्रिटिशांनी आल्या आल्या एक काम केलं. समुद्रकिनारी आझाद हिंद फौजेच्या शहिदांचं स्मारक होतं, ज्याची पायाभरणी नेताजींनी जुलै १९४५ मध्ये केली होती. ते सुरुंग लावून पाडलं. आज त्या जागी त्याची आठवण सांगणारा फलक आहे.

यामाशितांवर फिलिपिन्समधल्या अत्याचारांसाठी मनिलामध्ये खटला चालला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांना फाशी झाली. पर्सिव्हल साडेतीन वर्षं जपानच्या कैदेत राहून जिवंत परतले.

लोकांनी ब्रिटिशांचं स्वागत केलं, पण जुना धाक परत आला नाही. ज्यांना अजिंक्य समजलं त्यांना हात वर करताना सगळ्यांनी पाहिलं होतं. १९५९ ला सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळालं, १९६३ ला ते मलेशियात सामील झालं आणि ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळा देश झालं. दोनच वर्षांत तिथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. आपलं रक्षण दुसरा कुणी करेल या भरवशावर राहायचं नाही, हे त्या पिढीने १९४२ मध्येच शिकून ठेवलं होतं.

१९६२ मध्ये सिग्लाप भागात सूक चिंगमधल्या सामूहिक कबरी सापडल्या. १५ फेब्रुवारी १९६७ ला बीच रोडवर नागरिकांच्या स्मारकाचं उद्घाटन झालं. त्याचे चार उंच खांब म्हणजे चिनी, मलाय, भारतीय आणि इतर असे चार समाज, खाली एकाच पायावर उभे. दुसरीकडे क्रांजीच्या युद्धस्मारकाच्या भिंतींवर २४ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. ज्यांची कबर कुठे आहे हेच कळलं नाही अशा सैनिकांची ही नावं, आणि त्यात भारतातल्या गावागावांतून गेलेल्या जवानांची नावं हजारोंनी आहेत.

सिंगापूर फिरायला गेलेले बहुतेक जण मरिना बे आणि सेंटोसा बघून परततात. तो फोर्डचा कारखाना अजून तिथेच आहे, आता त्याचं संग्रहालय केलंय. दरवर्षी १५ फेब्रुवारीला सिंगापूरमध्ये 'टोटल डिफेन्स डे' पाळतात. जगात बहुतेक देश विजयाचे दिवस साजरे करतात, हा देश मात्र शरणागतीची तारीख आठवणीत ठेवतो.